रेल्वे इंजिनातील ब्रेक हँडलचे कुलूप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोको पायलटच्या हाताशी असलेल्या ब्रेक हँडलला कुलूप, पिन किंवा खाच कशासाठी असते, ती कोणत्या कॅबमध्ये, म्हणजे इंजिनातल्या चालकाच्या खोलीत, आणि केव्हा वापरायची, आणि तिच्यावर कितपत भिस्त ठेवायची, याविषयी पुन्हापुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. भारतीय रेल्वेवरील ए-९ ब्रेक व्हॉल्व्ह आणि उत्तर अमेरिकेतील २६-एल ब्रेकप्रणाली ही दोन उदाहरणे मुख्यतः घेतली आहेत, कारण एकाच प्रश्नाकडे दोन्ही ठिकाणी किंचित वेगळ्या वाटेने पाहिले गेले आहे.

ब्रेक ही तर कायम मोकळी असावी अशी वस्तू. तिच्या हँडलला कुलूप कशाला?

ही शंका अगदी योग्य आहे. तिचे उत्तर मिळण्यासाठी आधी गाडीचा ब्रेक कसा चालतो ते पाहावे लागते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी जो स्वयंचलित हवाब्रेक पुढे आणला, त्याचे तत्त्व आजही तेच आहे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक सलग ब्रेक पाइप जातो आणि त्यात हवा दाबून भरलेली असते. भारतात हा दाब प्रति चौरस सेंटिमीटर ५ किलो ठेवतात. पाइपातला दाब उतरला की प्रत्येक डब्याखालचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह त्या डब्याच्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो आणि ब्रेक लागतात. दाब पुन्हा चढला की ब्रेक सुटतात. म्हणजे ब्रेक लावणे हे पाइपातली हवा काढण्याचे काम आहे, आणि ब्रेक सोडणे हे पाइपात हवा भरण्याचे.

आता असे समजा की एकाच गाडीत दोन कॅब आहेत आणि दोन्हीकडचे ब्रेक व्हॉल्व्ह पाइपाला जोडलेले व चालू आहेत. पुढच्या कॅबमधला लोको पायलट हवा उतरवू लागतो. मागच्या रिकाम्या कॅबमधले हँडल मात्र ‘रिलीज’वर राहून गेलेले असते. पाइपातून हवेची थोडीफार गळती होतच असते आणि ती भरून काढणे हे व्हॉल्व्हचे कामच असल्यामुळे, मागचा व्हॉल्व्ह पुढच्या माणसाने लावलेल्या ब्रेकला गळती समजतो आणि इमानेइतबारे हवा भरत राहतो. पुढच्या गेजवर दाब उतरलेला दिसतो, पण गाडीच्या मागच्या भागात तो उतरत नाही, किंवा उतरून पुन्हा चढतो. डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हला चढता दाब दिसला की तो ब्रेक सोडतो. गाडी थांबायला हवी त्या ठिकाणी थांबत नाही आणि चालवणाऱ्याला त्याचे कारण समोर कुठेच दिसत नाही.

म्हणून एका गाडीच्या ब्रेक पाइपावर एका वेळी एकाच हाताचा ताबा असला पाहिजे. कुलूप असते ते इतर सर्व कॅबमधील हँडलांना. गाडी जेथून चालवली जाते तेथील हँडल कधीही अडकवलेले नसते.

हँडलच्या जागा कोणत्या असतात?

ए-९ या व्हॉल्व्हच्या हँडलला पाच जागा आहेत : रिलीज, मिनिमम रिडक्शन, फुल सर्व्हिस, ओव्हर रिडक्शन आणि इमर्जन्सी. रिलीजमध्ये पाइपात ५ किलो दाब राहतो, मिनिमम रिडक्शनमध्ये तो सुमारे अर्धा किलो उतरतो, फुल सर्व्हिसमध्ये सुमारे दीड किलो, आणि इमर्जन्सीमध्ये पाइप रिकामा होतो. फुल सर्व्हिसपर्यंत हँडल जितके पुढे न्यावे तितका ब्रेक वाढतो. नुसत्या इंजिनाचे ब्रेक लावण्यासाठी शेजारी एसए-९ हा वेगळा व्हॉल्व्ह असतो.

अमेरिकेतील २६-एल प्रणालीच्या मुख्य व्हॉल्व्हला या क्रमात ओव्हर रिडक्शनऐवजी दोन वेगळ्या जागा मिळतात. फुल सर्व्हिसच्या पुढे ‘सप्रेशन’ (सुरक्षायंत्रणेचा आपोआप लागणारा ब्रेक रोखण्याची जागा), त्यापुढे ‘हँडल ऑफ’, आणि शेवटी इमर्जन्सी. कुलपाच्या दृष्टीने हँडल ऑफ ही जागा फार महत्त्वाची आहे.

‘हँडल ऑफ’ म्हणजे नेमके काय?

नाव शब्दशः खरे आहे. या एकाच जागी मुख्य ब्रेकचे हँडल व्हॉल्व्हवरून उचलून काढता येते. व्हॉल्व्ह चालू असताना हँडल या जागी आणले, तर नियंत्रण टाकीतला (म्हणजे जिच्या दाबाबरोबर ब्रेक पाइपाचा दाब उतरतो-चढतो, तिच्यातला) दाब सर्व्हिस गतीने, म्हणजे इमर्जन्सीचा हिसका न देता, शून्याकडे उतरत जातो. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. समजा एखाद्याने क्रम चुकवला आणि चालू कॅबमधलेच हँडल काढले, तर गाडी सुटी होत नाही. ती हळूहळू पूर्ण ब्रेक लागून थांबते. हँडल काढण्याची जागा रिलीजमध्ये दिली असती, तर हीच चूक ब्रेक सुटलेली गाडी कोणाच्याही ताब्याविना मागे ठेवून गेली असती. माणूस चुकेल असे गृहीत धरून ती चूक गाडी थांबण्याच्या दिशेला वळवणे, हे रेल्वेच्या सुरक्षाविचाराचे मूळ सूत्र या एका खाचेत उतरले आहे.

इंजिनाच्या स्वतंत्र ब्रेकचे हँडल मात्र रिलीजमध्ये निघते. मागे जोडलेल्या इंजिनाचे ब्रेक लागून राहिले तर चाके घासत, तापत जातात, त्यांच्यावर सपाट चट्टे पडतात आणि पुढचे इंजिन ते ओझे विनाकारण ओढत राहते, म्हणून तेथे उलटा नियम आहे.

हँडल त्याच एका जागी का निघते? दुसरीकडे ओढून काढले तर?

व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या झाकणाला आतून एक कडा असते. हँडलच्या खालच्या टोकाला असलेला उंचवटा या कडेखाली सरकत फिरतो, त्यामुळे फिरवता येते पण वर उचलता येत नाही. कडेला एकाच ठिकाणी खाच कापलेली असते आणि उंचवटा तिच्यासमोर आला की हँडल वर निघते. दांडा आणि हँडलचे छिद्र यांचा आकारही असा ठेवतात की हँडल उलटे किंवा आडवे बसू नये. कुलपात चावी एकाच स्थितीत आत जाते आणि बाहेर येते, तशीच ही रचना आहे. फरक इतकाच की येथे हँडल हीच चावी आहे.

जबरदस्तीने ओढल्यास कडा किंवा उंचवटा झिजतो, आणि झिजलेल्या कडेचे हँडल कोणत्याही जागी हातात येऊ लागते. असे हँडल अजून व्यवस्थित फिरते म्हणून चालवून घेऊ नये, ते शेडमध्ये कळवून बदलून घ्यावे.

मग नव्या इंजिनांत हँडल काढण्याऐवजी पिन का?

हँडल ही सुटी वस्तू असली की ती हरवते, चुकीच्या इंजिनात जाते, कॅबच्या फरशीवर पडून वाकते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हँडल काढल्यावर उरलेला उघडा दांडा पान्याने किंवा दुसऱ्या इंजिनाच्या हँडलने फिरवता येतो. हँडल खिशात आहे, म्हणजे कॅब बंद आहे, हा विश्वास त्यामुळे पूर्णपणे खरा राहत नाही.

इलेक्ट्रॉनिक ब्रेकप्रणाली आल्यावर रचना बदलली. आता हँडल बहुतांशी हवेला थेट हात लावत नाही. ते आपला कोन संगणकाला कळवते आणि संगणक हवेचे व्हॉल्व्ह चालवतो. हँडल कायमचे जोडलेले असते. बंद ठेवायच्या कॅबमध्ये ते हँडल ऑफच्या जागी आणतात, हँडल आणि स्थिर झाकण यांची छिद्रे समोरासमोर येतात आणि त्यांतून आडवी पिन घालतात. पिन साखळीने किंवा तारेने कंट्रोलरलाच बांधलेली असते, म्हणून ती हरवत नाही. काही रचनांत पिनेऐवजी स्प्रिंगने आत येणारी खुंटी असते, काहींत चावी फिरवल्यावरच हँडल मोकळे होते.

इलेक्ट्रॉनिक हँडलवरही यांत्रिक पिन का लागते, असे विचारले जाते. संगणकाने ती कॅब बाद ठरवली असेल तर हँडल हलले तरी काय बिघडते? बिघडते ते इमर्जन्सीच्या जागी. तेथे हँडल विजेवर किंवा संगणकावर अवलंबून न राहता यांत्रिकरीत्या पाइपातली हवा मोकळी करू शकेल, अशी सोय मुद्दाम ठेवतात. मागच्या रिकाम्या कॅबमध्ये धक्क्याने, अवजारांच्या पिशवीने किंवा आत शिरलेल्या माणसाच्या कोपराने हँडल तिथपर्यंत गेले, तर धावत्या गाडीला अचानक आणीबाणीचा ब्रेक लागेल. लांब मालगाडीत पुढचे डबे थांबू लागले आणि मागचे त्यांच्यावर येऊन आदळले, तर कपलिंग तुटणे किंवा डबे रुळांवरून उतरणे असंभव नाही. पिन हे टाळते.

पिन घातली, म्हणजे ती कॅब ब्रेकमधून बाद झाली का?

नाही. या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज येथेच आढळतो. पिन हँडलला हलण्यापासून अडवते. त्या कॅबमधला व्हॉल्व्ह पाइपापासून तोडण्याचे काम दुसरी वस्तू करते. २६-एलमध्ये त्यासाठी ब्रेक व्हॉल्व्हवरच कट-ऑफ व्हॉल्व्ह असतो आणि तो ‘आउट’वर न्यावा लागतो. इंजिन दुसऱ्या इंजिनामागे जोडले असेल तर मल्टिपल युनिट व्हॉल्व्हही (इंजिन पुढचे की मागचे हे ठरवणारा) मागच्या इंजिनाच्या स्थितीत ठेवावा लागतो. भारतीय डिझेल इंजिनांवर हे काम एमयू-२बी व्हॉल्व्ह करतो आणि त्याच्या ‘लीड’ व ‘ट्रेल’ या जागा लोको पायलटांच्या परिचयाच्या आहेत. ए-९ला स्वतःचा आयसोलेटिंग कॉक, म्हणजे त्याला पाइपापासून तोडणारी तोटी, असतो.

कॉक बंद केला आणि हँडल मोकळे ठेवले, तर कोणीतरी पुढे कॉक उघडताच हँडल ज्या स्थितीत असेल तो ब्रेक गाडीला लागतो किंवा सुटतो. उलटपक्षी हँडल अडकवले आणि कॉक उघडा राहिला, तर हँडल ऑफच्या जागी असलेला व्हॉल्व्ह पाइपातली हवा खालीच ठेवतो आणि गाडी हलत नाही. दुसरी चूक लगेच कळते, पहिली कळत नाही. दोन्ही कामे झाल्याखेरीज कॅब बंद झाली असे मानू नये, आणि त्यानंतर पुढच्या कॅबमधून ब्रेक लावून शेवटच्या डब्यापर्यंत दाब उतरतो व चढतो की नाही, ही सलगतेची चाचणी झाल्याखेरीज गाडी हलवू नये.

भारतात हा प्रश्न रोज कोठे उद्भवतो?

प्रत्येक टर्मिनसवर. डब्ल्यूएपी-४ किंवा डब्ल्यूएपी-७ यांसारख्या विद्युत इंजिनांना दोन्ही टोकांना कॅब असतात. दिशा बदलली की लोको पायलटला एक कॅब नीट बंद करून दुसरी चालू करावी लागते. बीएल चावी येथे मोठे काम करते, कारण ती असेल त्याच कॅबमधले नियंत्रण स्विच चालतात. विजेच्या बाजूने ‘एकच हात’ हे सूत्र चावीने पाळले जाते, हवेच्या बाजूने ते कॉक आणि हँडल यांनी.

मुंबईच्या लोकलमध्ये हे अधिक ठळकपणे दिसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटला गाडी आली की मोटरमन आणि ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचे गार्ड, यांच्या जागांची अदलाबदल होते. गर्दीच्या वेळी हे सारे मोजक्या मिनिटांत उरकावे लागते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची लोकल धावली, तेव्हापासून दोन्ही टोकांना कॅब असलेली गाडी मुंबईकरांच्या सवयीची झाली. अनेक मोटारडब्यांचे नियंत्रण एकाच कॅबमधून करण्याची पद्धत फ्रँक स्प्रेग यांनी १८९७-९८ मध्ये शिकागोत सिद्ध केली होती. कॅब अनेक झाल्या, आणि न वापरलेल्या कॅबचे हँडल बंद ठेवण्याची गरजही तिच्याबरोबरच आली.

तिसरे ठिकाण म्हणजे घाट. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट आणि कसारा ते इगतपुरी हा थळघाट, दोन्हीकडे १ : ३७ असा तीव्र चढ आहे आणि गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात. बँकरने ढकलायचे असते. गाडीच्या ब्रेक पाइपात हवा भरण्याचा किंवा उतरवण्याचा निर्णय पुढच्या इंजिनाचा असतो. आधी सांगितलेली दोन हातांची ओढाताण घाटात झाली तर तिचे परिणाम सपाटीपेक्षा कितीतरी गंभीर होतील.

मागच्या कॅबचे हँडल अडकवलेले असताना खरीच आणीबाणी आली तर?

तेथील माणसाने पिन शोधत बसायचे नाही. कॅबमध्ये ब्रेक पाइपाशी थेट जोडलेला वेगळा आणीबाणीचा व्हॉल्व्ह असतो आणि तो कुलपाच्या कक्षेत येत नाही. ट्रेन मॅनेजरकडेही असाच व्हॉल्व्ह असतो. प्रवासी डब्यांतली साखळी हाही त्याच पाइपातली हवा काढण्याचा एक मार्ग आहे.

हँडल कुलूपबंद करून उभी केलेली गाडी सुरक्षित असते का?

नाही, आणि ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. कुलूप हँडलला धरते, चाकांना नाही. चाकांना धरणारी हवा गळत असते आणि कॉम्प्रेसर बंद असला की ती पुन्हा भरली जात नाही.

६ जुलै २०१३ रोजी कॅनडातील लाक-मेगांतिक गावात जे घडले त्याचा आरंभ असाच होता. कच्च्या तेलाचे ७२ टँकर असलेली गाडी वरच्या अंगाला नांत येथे उतारावर रात्री उभी केलेली होती. तिला धरून ठेवण्याची भिस्त मुख्यतः इंजिनांच्या स्वतंत्र हवाब्रेकवर होती आणि चौकशीत आढळल्याप्रमाणे हातब्रेक फक्त ७ लावलेले होते. चालू ठेवलेल्या इंजिनाला आग लागल्यावर ते बंद करण्यात आले, कॉम्प्रेसर थांबला, हवा हळूहळू गळत गेली आणि मध्यरात्रीनंतर गाडी आपोआप उताराला लागली. गावात ४७ माणसे मरण पावली. त्या कॅबमधले हँडल कितीही पक्के अडकवले असते तरी या घटनेत काही फरक पडला नसता.

आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२४ रोजी कठुआहून ५३ वाघिणींची मालगाडी कोणीही लोको पायलट नसताना सुटली आणि पंजाबात सुमारे ७० किलोमीटर जाऊन थांबली. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. उभ्या गाडीची सुरक्षा पुरेसे हातब्रेक, चाकांखालचे ठोकळे आणि आवश्यक तेथे रुळाला बांधलेली साखळी यांनीच होते. हँडलची पिन या यादीत मोजू नये.

डब्यांखालच्या कॉकच्या हँडललाही कुलूप असते का?

असते, आणि तेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक डब्याच्या टोकाला ब्रेक पाइपावर कट-ऑफ अँगल कॉक असतो. त्याचे हँडल पाइपाला समांतर असेल तर कॉक उघडा, काटकोनात असेल तर बंद. भारतीय वाघिणींच्या कॉकवर हँडलच्या वर पट्टीची स्प्रिंग असते. ती हँडलला खोल खाचेत दाबून धरते, त्यामुळे ते आधी उचलावे लागते आणि मगच फिरते. उडालेली खडी, लोंबणारी साखळी किंवा चुकून लागलेला पाय यांनी ते सहसा फिरत नाही.

बंद कॉकची किंमत २७ जून १९८८ रोजी पॅरिसच्या गार द लियों स्थानकात मोजावी लागली. एका प्रवाशाने साखळी ओढल्यामुळे थांबलेल्या लोकलचे ब्रेक पूर्ववत करताना पहिल्या डब्यामागचा कॉक नकळत बंद झाला. कॉकच्या मागे ब्रेक अडकून राहिले, तेव्हा दोष ओळखू न आल्याने डब्यांतली हवा हाताने काढून ब्रेक सोडवले गेले. परिणामी मागच्या डब्यांना ब्रेकच उरला नाही, आणि ती गाडी उतारावरून येऊन फलाटावर उभ्या असलेल्या लोकलवर आदळली. ५६ माणसे गेली. कॉकच्या हँडलला उचलल्याशिवाय न फिरणारी खाच का हवी, याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

चुकीचे हँडल ओढले जाऊ नये यासाठी कुलूप उपयोगी पडते का?

फारसे नाही. १५ मे २००१ रोजी अमेरिकेतील ओहायोमध्ये ८८८८ क्रमांकाचे इंजिन ४७ डबे घेऊन चालकाविना सुमारे १०६ किलोमीटर गेले. खाली उतरण्यापूर्वी चालकाला डायनॅमिक ब्रेक (इंजिनाच्या मोटारींनीच वेग कमी करणारा) लावायचा होता, पण इंजिन प्रत्यक्षात ओढण्याच्या स्थितीत राहिले होते. असा घोटाळा हँडलांचे वेगवेगळे आकार, फिरण्याच्या वेगळ्या दिशा आणि लिव्हरांतील परस्पर-अडकण यांनी कमी होतो.

देखभालीत काय पाहावे?

पिन हाताने सहज आत जाते का, आणि आत गेल्यावर हँडल दोन्ही दिशांना खरोखर हलत नाही का, हे प्रत्यक्ष हलवून पाहावे. छिद्र लांबट झिजले असेल तर पिन बसते, पण हँडल थोडे सरकते, आणि ते थोडे सरकणे शेजारच्या जागेपर्यंत पोहोचू शकते. साखळी तुटली असेल तर त्याच दिवशी बदलावी, कारण सुटी पिन आठवड्याभरात नाहीशी होते आणि तिच्या जागी खिळा किंवा तार वापरली जाऊ लागते. खिळ्याने छिद्र आणखी बिघडते आणि गाडी सुरू करताना तो काढायचा राहूनही जातो. हँडलच्या प्रत्येक जागेवर स्प्रिंगचा ठसका हाताला जाणवला पाहिजे. धूळ आणि घट्ट झालेले ग्रीस साचले की तो बोथट होतो, आणि अंधारात केवळ स्पर्शाने जागा ओळखणाऱ्या लोको पायलटला नेमके तेव्हाच फसवतो. कॅब ताब्यात घेताना पिन काढल्यावर ती तिच्या ठरलेल्या खोबणीत ठेवावी, हँडल सर्व जागांवरून एकदा फिरवावे, आणि गेजवरचा काटा त्याप्रमाणे उतरतो व चढतो हे पाहूनच पुढे जावे.